बोळातली ऊब

आमी मूळचे जुन्नरचेच, पावणं, कुठनं बाहेरनं आलेलो न्हाई, माझ्या आज्ज्यानं बाजारपेठेत बसून पत्रा कापला, अब्बानं तिथंच कापला आन् मी बी तिथंच कापतोय. दुकान म्हणाल तर एक शटर आन् आत बसायला पोतं, पण हाय. काय काय करायचो आमी म्हणून सांगू तुमाला, तेलाच्या डब्याला कडी लाव, बादलीला बूड बसव, ज्वारीला कोठी कर, चुलीवर धुराडं बसव. धुराड्याचं काम लई असायचं. घरात बाई खोकायला लागली की तिचा नवरा यायचा, म्हणायचा धुराडं करून द्या, पण लगीच न्हाई यायचा बरं का. अब्बा म्हणायचे, बायको खोकती तवर गडी येत न्हाई, भिंत काळी पडली की येतो. असा कडू बोलायचा आमचा बाप, पण खोटं न्हाई बोलायचा. त्याचा कडूपणा माझ्यात उतारलाय, बायको म्हणती पत्रा जोडायला जो डाग देता तो एकदा सोताच्या तोंडाला द्या, म्हंजी चार गिऱ्हाईकं टिकतील.

मंग गॅस आला, प्लास्टिक आलं, बादल्या कोठ्या सगळं गेलं. कोण आता बादलीला बूड बसवतंय. पण लोकांनी बंगले बांधले ना, टोमॅटोला एखाद्या साली बाजार घावला की पुढल्या साली बंगला, त्या बंगल्यांच्या पन्हाळी मी केल्या, बेकरीच्या भट्टीचे पाईप केले, आन् आता ह्या चार-पाच वर्सांत हे नवीन आलंय, कपडे सुकवायची मशीन. ड्रायर म्हणत्यात. तुमाला वाटंल आपल्याकडं एवढं ऊन असताना मशीन कशापायी. मला बी वाटायचं. पण आमच्याकडं बिबट्या हाय, पावणं, उसात बसलेला असतो, दिवस मावळायच्या टायमाला दोरीवरची कापडं काढायला बाई गेली आन् समोर ते बसलंय असं झालेलं हाय. त्या भ्यानं ज्याला झेपंल त्यानं मशीन घेतली.

त्या मशिनीला मागं एक भोक असतं, त्यातनं गरम वाफ निघती, आन् वाफेबरोबर कपड्याचा कापूस. कापूस म्हंजी काय, आपलं धोतर, लुगडं, चादर जे झिजतं ते. मशिनीत जाळी असती, ती दर खेपेला हातानं पुसायची, कुणी पुसत न्हाई. मंग तो कापूस नळीत बसतो, थरावर थर, नळी बुजली की कापडं वलीच राहत्यात, मशीन तापती, करपल्याचा वास येतो, आन् तरी चालूच ठेवली तर पेट घेती. एका ठिकाणी तर नळीत पालीनं संसार मांडला व्हता. मी काय करतो, ती बाजारातली चांदीवानी चुरगळणारी नळी असती ना, ती आधी काढून फेकतो, तिच्या चुण्यांमधी कापूस अडकतो. माझी पत्र्याची सरळ नळी घालतो, आतनं गुळगुळीत, स्क्रू मारत न्हाई कारण स्क्रूच्या टोकाला बी कापूस धरतो. आन् साफ करायला बांबूच्या चिवाटीला काथ्या बांधलाय, तो आत घालून फिरवायचा, मंग बाहेरनं ठोकायचं. बाहेरच्या तोंडाला झडप, वारं आत यायला नको. एवढीच इद्या हाय, त्यात काय मोठं न्हाई.

तर आता मी दर आठवड्याला कुठं जातो म्हणून तुमी इचारलं ते सांगतो. राजुरीच्या अलीकडं एक मळा हाय, नाव गाव सोडा, दोन सख्खे भाऊ, थोरला बबनभाऊ, धाकला दत्ताभाऊ. बापाच्या माघारी वाटणी झाली आन् दोघांनी शेजारी शेजारी बंगले बांधले, मधी एक बोळ. तो बोळ कुणाचा, तर दोघांचा, म्हंजी कुणाचाच न्हाई. बोळात झाडू मारायचा तर हे म्हणणार त्यांनी मारावा, ते म्हणणार ह्यांनी मारावा. दत्ताभाऊचा जावई पुण्याला असतो, त्यानं तिथनं कुणाची तरी वापरलेली मोठी मशीन आणून दिली, आन् दत्ताभाऊनं मला बोलावलं, इसाकभाई, नळी बसवून द्या.

मशीन ठेवली व्हती मागच्या खोलीत. तिची एक भिंत बोळाला, दुसरी भिंत त्यांच्या म्हातारीच्या खोलीला. मी म्हणालो हे तर सोपं हाय, बोळात काढू. भोक पाडलं, नळी बसवली, मशीन चालू करून दाखवली, वहिनींनी चहा दिला. मंगलवहिनी, दत्ताभाऊची बायको, चहा द्यायला चांगली हाय. मी गाडीला किक मारतोय तवर बबनभाऊ बोळात आला. बघितलं त्यानं ते वाफ सोडणारं तोंड. म्हणाला, ह्यांच्या चड्ड्यांची वाफ माझ्या दारात? माझ्या तुळशीवर? आन् दुसऱ्या दिवशी मला फोन, भोक बुजलं म्हणून. जाऊन बघतो तर आत पोतं कोंबून वरनं सिमेंट थापलेलं, लई निगुतीनं, त्याच्या बंगल्याचं प्लास्टर बी एवढं चांगलं न्हाई.

भांडण काय सांगू तुमाला. दोघं बोळाच्या दोन टोकाला उभं राहून एकमेकांच्या आईवर शिव्या देत व्हते. आई एकच. ती आत बसून ऐकत व्हती.

त्या म्हातारीला मी मावशी म्हणतो. पयल्यापासनं म्हणतो, आमच्या दुकानात यायची धुराडं घ्यायला, तवा तिच्या केसात पांढरं न्हवतं. आता वाळून काडी झालीय. तिची पाळी असती, एक म्हैना थोरल्याकडं, एक म्हैना धाकल्याकडं. अवस झाली की हिनं गाठोडं उचलायचं, बोळ ओलांडायचा, पल्याडच्या दारात जाऊन उभं राहायचं. कुणी न्यायला येत न्हाई, कुणी सोडायला जात न्हाई. आमच्याकडं लई घरांत असं हाय, त्यात लोकांना काय वाटत न्हाई, उलट म्हणत्यात दोघं बी सांभाळत्यात. सांभाळत्यात. दोन घरचा पावणा उपाशी, हे ती सोताच मला हसून म्हणायची, अवसेला सकाळी घर बदललं तर हे म्हणत्यात तिकडं जेव, ते म्हणत्यात तिकडं जेवून आलीस ना.

दत्ताभाऊकडं तिची खोली म्हंजी आधीची कांद्याची खोली. एक खिडकी, ती बोळात उघडायची, ती बिबट्याच्या भ्यानं खिळे मारून बंद केलेली. भोक बुजल्यावर दत्ताभाऊनं डोकं चालवलं. म्हणाला, इसाकभाई, नळी आईच्या खोलीत सोडा. मी म्हणालो, कशात? म्हणाला, खोलीत, थंडी पडायला लागलीय, म्हातारीला ऊब व्हईल, फुकटची. मी म्हणालो, दत्ताभाऊ, धूर असो न्हाईतर वाफ, तिला बाहेरचं दार दाखवायचं असतं, माणसाच्या खोलीत सोडायची नसती, त्यात कापूस हाय, तो छातीत बसतो. तो म्हणाला, तुमी पत्रेवाले का डाक्टर? मी म्हणालो पत्रेवालाच हाय, म्हणून सांगतोय, आन् सामान गोळा करून निघून आलो. त्यानं कुणा प्लंबरकडनं काम करून घेतलं. करणारा घावतोच.

थंडी सरत आलती तवा परत फोन, मशीन कापडं सुकवत न्हाई, नळी साफ करून द्या. मनात म्हणालो जाऊ नये. पण गेलो, मावशीला बघावं म्हणून गेलो. खोलीचं दार उघडलं तर काय सांगू तुमाला. भिंतींना पाणी सुटलेलं, कोपऱ्यात काळी बुरशी चढलेली, आन् सगळीकडं कापूस, कॉटवर, गाठोड्यावर, देवाच्या फोटोवर, मावशीच्या केसात, भुवयांवर, पिंजाऱ्याच्या दुकानात बसावं तशी ती बसलेली. नळीच्या तोंडाला एक फडकं बांधलेलं, तिच्याच जुन्या लुगड्याचं, कापूस गाळायला म्हणून. ते फडकं गच्च बुजलेलं, म्हणून मशीन सुकवत न्हवती. मावशी खोकत व्हती, असं की बोलता बोलता वाक्य अर्धं राहायचं.

आन् मला बघून खूश झाली. म्हणाली, बघ रे इसाक, माझ्या दत्तानं काय केलं माझ्यासाठी. पुण्याहून मशीन आणली. थंडीची हाडं दुखत्यात म्हणालते मी, तर त्यानं भिंत फोडून ऊब आणली. बबन्यानं कधी गोधडी तरी घातली का अंगावर? तिनं माझा हात धरून नळीच्या तोंडाशी नेला, बघ म्हणाली, कशी चुलीपाशी बसल्यावानी.

ज्या बाईनं एवढी वर्सं चूल फुकली तिला काय सांगायचं, की तुमच्या पोराला घाण टाकायला दुसरी जागा न्हवती? मी म्हणालो, मावशी, मशीन चालू असली की पदर नाकाला धरत जावा. म्हणाली, कशापायी, पोराचं काय इख हाय का? मी बाहेर येऊन दत्ताभाऊला सांगितलं, आईला दवाखान्यात न्या आन् नळी काढा. तो म्हणाला, अवसेला जाईल ती तिकडं, मंग त्यांनी न्यावं. मंगलवहिनी म्हणाल्या, तिला आवडतंय ना, आमी काढली तर म्हणतील म्हातारीची ऊब बी बघवली न्हाई. आवडतंय हे खरंच व्हतं. फडकं सोडून टाकलं, नळी झाडली आन् आलो.

आता मावशी गप बसणारी न्हाई. थोरल्याकडं गेली की सांगायची, दत्तानं असं केलं, दत्तानं तसं केलं. दळणाच्या गिरणीत सांगितलं, देवळात सांगितलं. भावकीतली माणसं बबनभाऊला टोमणे मारायला लागली, का रे, धाकल्यानं आईला गरम हवेची खोली केली म्हणं, तुझं काय? आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणत्यात तसं, हिच्या छातीवर कापूस बसतोय आन् नाव दत्ताभाऊचं व्हतंय. बबनभाऊ आतनं जळत व्हता. त्याला खरं म्हाईत व्हतं, भोक बुजवणारा तोच ना. पण सांगितलं तर सोताचं सिमेंट बी सांगावं लागंल, म्हणून तोंड दाबून बसला व्हता.

मावशीचा खोकला वाढला. डाक्टरनं सांगितलं छातीत बसलंय, धुळीपासनं लांब ठेवा. आन् मंग ती अवस आली. त्या दिवशी मी तिथंच व्हतो, नळी परत बुजली व्हती म्हणून सकाळीच बोलावलं व्हतं. मशीन पुढं ओढून मी मागं बसलेलो, काथ्या आत घातलेला, तवर बाहेर बबनभाऊचा आवाज. तो म्हणत व्हता, मी घेणार न्हाई. आजार तुमच्याकडं झाला, बरी करा आन् मंग पाठवा. दत्ताभाऊ म्हणत व्हता, माझा म्हैना भरला, आता एक दिवस बी ठेवणार न्हाई. इकडं मंगलवहिनींनी आतनं कडी घातली, तिकडं थोरल्या वहिनींनी कडी घातली, आन् मी मागच्या दारानं बोळात आलो तर मावशी बोळाच्या मधोमध गाठोड्यावर बसलेली. भावकीतली चार माणसं जमली. कुणी म्हणालं, बबन, आई हाय ती. कुणी म्हणालं, दत्तानं तर एवढी ऊब केली, तुझ्यानं म्हैनाभर बी व्हईना?

तवा त्याचं सुटलं. सगळ्यांच्या देखत तो आईसमोर वाकला आन् म्हणाला, ऊब? आई, ती ऊब तुझ्यासाठी न्हाई. मशिनीची घाण सोडायला ह्यांना जागा न्हवती म्हणून तुझ्या खोलीत सोडली. ती खाऊन तू खोकतीस.

मावशीनं दत्ताभाऊकडं बघितलं. म्हणाली, व्हय रे दत्ता?

दत्ताभाऊनं तिच्याकडं बघितलंच न्हाई. माझ्याकडं वळला आन् म्हणाला, इसाकभाई, नळी झाली का साफ?

मी लई माणसं बघितली, पावणं, लई घरात गेलो, पण असा जाब मी ऐकला न्हवता. बबन्या क्रूर व्हता पण बोलला तरी. मावशी काय रडली बिडली न्हाई. पदराला कापूस लागला व्हता तो एक एक करून काढायला लागली, वेचून वेचून, जसं काय तेवढंच काम राहिलं व्हतं.

मंग भावकीनं दोघांना बाजूला घेतलं आन् तिथंच तोड निघाली, ती ऐका. बबनभाऊ म्हणाला, मी बोळातलं भोक उघडून देतो. कायमचं. नळी बोळात सोडा, मी हरकत घेणार न्हाई. पण आईची पाळी आजपासनं बंद, ती कायमची तुझ्याकडं. दत्ताभाऊनं जरा इचार केला. बायकोकडं बघितलं. बायकोनं मान डोलावली. झालं. एकाला आई नको व्हती आन् दुसऱ्याला भोक पायजे व्हतं. भावकी म्हणाली, चला, गोडीनं मिटलं. एकानं तर म्हणून दाखवलं की आईमुळं भाऊ एकत्र आले. चहा आला, दोन्ही घरचा आला, किती वर्सांनी दोन भावांनी एका ठिकाणी उभं राहून चहा पिला. मी म्हणालो, मावशीला द्या आधी. तवा कुणाच्या तरी ध्यानात आलं की ती अजून गाठोड्यावरच बसलीय.

सिमेंट मीच फोडलं त्या दिवशी. छिन्नी घेऊन तिच्या डोक्याच्या वरच्या अंगाला मी ठोकतोय आन् खाली ती बसलीय, खडे पडायला लागले तवा म्हणालो मावशी जरा सरका, तर म्हणाली कुठं सरकू? नळी बोळात आली, खोलीकडचं भोक मी विटेनं बंद केलं. काम चोख झालं, खोटं कशाला बोलू. कापडं आता अशी सुकत्यात की मंगलवहिनी फोन करून सांगत्यात.

आन् मावशी. खोकला जरा उणावला, पण पुढली थंडी आली आन् कांद्याची खोली बर्फावानी. ती म्हणाली, दत्ता, थंडी वाजती रे, शेगडी दे. तो म्हणाला, ऊब दिली व्हती तर गावभर बोंब मारलीस, आता बस. बोंब तिनं मारली न्हवती, पावणं, तिनं तर गुण गायले व्हते. पण ते कोण ध्यानात ठेवतंय. थोरल्याच्या दारात एकदा गेली तर थोरल्या वहिनी म्हणाल्या, तुमची पाळी संपली आत्या, आता इकडं येऊन आमाला ठरलेला शबूद मोडायला लावू नका.

तर आता ती कुठं असती सांगतो. सकाळी मंगलवहिनी मशीन लावत्यात ना, आवाज आला की ही काठी टेकत बोळात येती आन् नळीच्या तोंडाखाली बसती. मी पयल्यांदा बघितलं तवा मला वाटलं पडली का काय. जवळ गेलो तर डोळे मिटून हात वर धरलेले, शेकत व्हती. केसात परत कापूस. मी म्हणालो, मावशी, इथं कशाला बसता, ह्यानंच तर आजारी पडला, घरात उन्हाला बसा. म्हणाली, घरात ऊन कुठं येतंय. मंग म्हणाली, इसाक, एक काम कर. हे तोंड पार वर हाय, ऊब डोक्यावरनं जाती. जरा खाली वाकवून दे, माझ्याकडं.

काय बरोबर न् काय चूक ते मला कळंना, आज बी कळत न्हाई. अब्बा असते तर काय म्हणाले असते देव जाणे. शेवटी मी पत्र्याचं एक कोपर कापलं, डाग दिला आन् ते तोंड खाली वळवलं, बरोबर तिच्या बसायच्या जागेवर. आन् आता दर आठवड्याला फेरी मारतो, बोलावलं तरी जातो, न्हाई बोलावलं तरी जातो, जाळी झाडतो, नळी झाडतो, म्हंजी निदान कापूस तरी कमी पडंल तिच्या अंगावर. मंगलवहिनींना वाटतं मी त्यांच्या मशिनीला लई जपतो.

परवा मी इचारलं, मावशी, निदान खुर्ची तरी आणून देऊ का, भिंतीला पाठ लावून बसा, तिकडच्या कडंला, तिथं वारं लागत न्हाई. न्हाई म्हणाली. म्हणाली, मी इथंच बरी हाय. इथं बसलं की दोन्ही पोरांची दारं दिसत्यात, कोण उघडंल ते कळतं.

मी बघितलं, दोन्ही बंद व्हती. मी काथ्या गुंडाळला, तिच्या डोक्यावरचा कापूस हातानं काढला, तिनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आन् सोताच्या कानशिलावर बोटं मोडली, म्हणाली तुझ्या लेकराबाळांचं भलं व्हवो, त्यांनी तुला कधी अंतर देऊ नये. मी शुक्रवारी मशिदीत जातो, पावणं, घरच्यांसाठी मागतो, दुकानासाठी मागतो, आन् शेवटी मावशीसाठी बी हात उचलतो. तिच्यासाठी मी दुवा मागतो, पण उमर मागत न्हाई.